कडेची हरळी का वाचली? सोलापुरातल्या एका लॉनचं प्रकरण

विजापूर रोडच्या बाजूला असलेल्या एका मंगल कार्यालयाचं हे लॉन. पाऊण एकराचं, चारी बाजूंनी कंपाउंड, पश्चिमेला गेट आणि पार्किंग, पूर्वेला स्टेज, स्टेजच्या मागे जुन्या कडुलिंबांची रांग. गवत 'सिलेक्शन वन', म्हणजे आपल्या हरळीच्याच जातीचं, बारीक पात्याचं, निवडून वाढवलेलं बर्म्युडा. कंपाउंडच्या आतल्या बाजूने हातभर रुंदीची मातीची पट्टी मोकळी सोडलेली आहे. तिच्यात कुणी काही लावलेलं नाही. तिथे गावठी हरळी आपली आपण माजलेली.

मालकांचा फोन आला तेव्हा पितृपक्ष चालू होता. कार्यक्रम बंद, आणि उत्तरा नक्षत्राचा पाऊस चांगला लागून गेलेला. सोलापूरला वर्षभरात साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यात सप्टेंबरचा वाटा सगळ्यात मोठा. तुळशीचं लग्न झालं की तारखा सुरू होणार, आणि स्टेजसमोरचं गवत तपकिरी. मालकांची काळजी रास्तच होती. "बुरशी लागलीय, चांगलं औषध सांगा," एवढंच त्यांना हवं होतं.

बाग बघणारे मामा मात्र वेगळंच बोलले. "साहेब, जळायलंय बघा. औषध मारलं की चार दिस थांबतंय, परत तेच. आणि ही कडेची हरळी बघा. हिला औषध नाही, खत नाही, आणि हिला काय होत पण नाही."

मामांच्या या प्रश्नाचं उत्तर शोधल्याशिवाय औषध सांगण्यात मला अर्थ वाटला नाही. पुढचं सगळं त्याच शोधाचं आहे.

काय दिसत होतं

एकाच लॉनमध्ये दोन वेगळी दुखणी होती आणि दोन्हींवर एकच उपचार चालला होता.

स्टेजसमोर फूटभरापासून तीन फुटांपर्यंतचे वेडेवाकडे तपकिरी चट्टे होते. चट्ट्याच्या काठावरचं पातं बोटात धरून हळूच ओढलं की अलगद हातात यायचं. बुडाशी, जिथे पातं खोडाला वेढा घालतं, तिथे ते कुजून मऊ आणि काळपट झालेलं. मुळं आणि जमिनीखालचं खोड मात्र पांढरं, जिवंत.

गेटच्या बाजूला चित्र निराळं. तिथे नाण्याएवढे, काही तळहाताएवढे, वाळल्या कडब्याच्या रंगाचे ठिपके होते. एकेक पातं भिंगाखाली धरलं तर मधोमध पांढरट पट्टा, दोन्ही टोकांना तांबूस किनार आणि मध्ये पातं आवळल्यासारखं. ऊन वर यायच्या आधी गेलं तर त्या ठिपक्यांवर बारीक पांढरं जाळं दिसायचं, आणि ऊन लागलं की नाहीसं व्हायचं. कोळ्याचं जाळं पात्यांच्या वर ताणलेलं असतं. हे पात्यांच्या मधून, त्यांना चिकटून होतं.

स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात एका जागी गावठी हरळीचे फुटवे पट्टीतून लॉनमध्ये शिरलेले होते. तपकिरी चट्टा तिथून वीतभर अंतरावर येऊन थांबला होता.

डब्यातली रात्र

लॉनवर डाग दिसला की तो बुरशीचाच, असं समजायची घाई करू नये. वाळवी, लष्करी अळी, कुत्र्याचं मूत्र, मशीनमधून गळलेलं पेट्रोल, बोअरचं क्षारयुक्त पाणी, यांतल्या कशानेही गवत जळतं. म्हणून दोन्ही जागांची काठावरची पाती, निम्मी निरोगी आणि निम्मी आजारी अशी, आणून पोळ्यांच्या डब्यात ओल्या टिश्यूवर ठेवली आणि झाकण लावलं. हे कुणालाही घरी जमेल. सकाळी दोन्ही डब्यांत तंतू वाढलेले होते. स्टेजच्या नमुन्यात फिकट तपकिरी, जाड आणि लांब. मायक्रोस्कोपखाली त्यांच्या फांद्या काटकोनात फुटलेल्या, फुटीजवळ किंचित आवळलेल्या आणि लगेच पुढे आडवा पडदा. ही ऱ्हायझोक्टोनियाची ओळख. ऱ्हायझोक्टोनिया सोलानी हीच बुरशी भातावर पर्णकोष करपा आणते. गेटकडचा नमुना कापसासारखा पांढराशुभ्र. ठिपक्यांचा आकार आणि पात्यावरची खूण बघता तो डॉलर स्पॉट. या रोगाच्या बुरशीचं नाव बरीच वर्षं स्क्लेरोटिनिया होमिओकार्पा असं होतं. २०१८ मध्ये तिला क्लॅरिरीडिया हा स्वतंत्र वंश मिळाला.

मग कडेच्या हरळीखालची माती आणि वाळका काडीकचराही एका डब्यात ठेवला. दोन दिवसांनी त्यातूनही तेच काटकोनात फुटणारे तपकिरी तंतू वर आले.

म्हणजे बुरशी तिथेही होती. हरळी सुटली ती बुरशीपर्यंत न पोचल्यामुळे नव्हे. ऱ्हायझोक्टोनिया जमिनीतली रहिवासी आहे. ती बहुतेक सगळ्या मातीत कुजणाऱ्या काडीवर जगत असते. रोग होतो की नाही हे ठरतं पातं तिला आत येऊ देतं का यावर.

पात्याच्या आत काय चालतं

झाडाला रक्त नाही, फिरत्या पांढऱ्या पेशी नाहीत. त्यामुळे प्रत्येक पेशीला आपला बचाव स्वतः करावा लागतो. तो बचाव कसा चालतो हे कळलं की लॉनवर आपण काय बिघडवतो तेही दिसू लागतं, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिला अडथळा बाहेरचा. पात्यावर मेणाचा आणि क्युटिनचा थर असतो. त्याच्याखाली गवतवर्गीय झाडं सिलिका साठवतात. मुळं जमिनीतून विरघळलेलं सिलिकॉन उचलतात आणि ते पात्याच्या वरच्या कातडीत काचेसारखं घट्ट बसतं. ऊस तोडणाऱ्याच्या हाताला जी धार लागते ती यामुळेच. भातामध्ये हे सिलिकॉन मुळातून आत घेणारं जनुक २००६ मध्ये सापडलं. हल्ली लॉनसाठी सिलिकॉनची महागडी द्रावणं सुचवली जातात. रेताड, जांभ्या किंवा फार धुपलेल्या जमिनीत त्यांचा उपयोग होऊ शकतो. सोलापूरच्या चिकण काळ्या मातीत सिलिकॉनची टंचाई सहसा नसते, म्हणून मी ती सुचवत नाही.

बाहेरचा थर ओलांडून किंवा कापलेल्या टोकातून, पर्णरंध्रातून बुरशी पेशीला टेकली की दुसरा अडथळा सुरू होतो. बुरशीची भिंत कायटिनची असते. झाडाच्या अंगात कायटिन नसतं. त्यामुळे कायटिनचा तुकडा जवळ आला की तो परका आहे हे पेशीला लगेच कळतं. पेशीच्या पडद्यावर हे तुकडे ओळखणारी ग्राहक प्रथिनं असतात. भातातलं असं एक प्रथिन २००६ मध्ये सापडलं. ओळख पटली की काही मिनिटांत पेशीत कॅल्शियम आत येतं, हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे तिखट ऑक्सिजनयुक्त रेणू सुटतात आणि पर्णरंध्रं मिटू लागतात. काही तासांत घुसखोरीच्या जागी भिंतीला आतून कॅलोजचा लेप बसतो, लिग्निन हे लाकडाला टणकपणा देणारं द्रव्य वाढून भिंत कडक होते. जोडीला कायटिनेज आणि ग्लुकानेज ही विकरं तयार होतात आणि ती थेट बुरशीची भिंत विरघळवतात. त्यातून कायटिनचे आणखी तुकडे सुटतात आणि शेजारच्या पेशीही सावध होतात.

हे सगळं लॉनवर डोळ्यांना दिसत नाही. जोंधळ्यावर मात्र दिसतं, आणि सोलापूरच्या प्रत्येक शेतकऱ्याने ते पाहिलेलं आहे. जोंधळ्याच्या पानावर करप्याचा ठिपका पडला की त्याभोवती तांबडा-जांभळा रंग चढतो. पुष्कळजण त्या रंगालाच रोग समजतात. तो रंग झाडाने त्या जागी बनवलेल्या बुरशीरोधक द्रव्यांचा असतो. पेशी ही द्रव्यं छोट्या थेंबांत भरून बुरशी जिथे घुसते तिथे नेऊन सोडते.

तिसरा अडथळा जनुकांचा, आणि इथे फार गोंधळ होतो. हॅरॉल्ड फ्लोर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर काम करून दाखवलं की झाडातल्या एका प्रतिकार-जनुकाला रोगातलं एक जनुक जोडीला असतं. जोडी जुळली की झाड रोग ओळखतं आणि ती पेशी स्वतःला मारून टाकते. तांबेऱ्याला जिवंत पेशीच लागते, त्यामुळे तो तिथेच उपाशी मरतो. वाटेतलं रान पेटवून शत्रूचा चारा संपवावा, तसा हा डाव आहे. पण ऱ्हायझोक्टोनिया, बायपोलारिस, कर्व्ह्युलारिया या बुरशा मेलेल्या पेशींवरच जगतात. त्यांच्यासमोर पेशी मारून टाकली तर त्यांचं फावतं. अमेरिकेत ओट या पिकात हे फार मोठ्या प्रमाणावर घडलं. 'व्हिक्टोरिया' नावाच्या ओटमधून तांबेऱ्याचा प्रतिकार घेऊन नवी वाणं काढली, ती सगळीकडे पसरली, आणि १९४६ च्या सुमारास बायपोलारिस वंशातल्याच एका बुरशीने नेमक्या त्याच वाणांचा फडशा पाडला. तिचं विष पेशीला स्वतःला मारायला लावत होतं आणि त्यासाठी प्रतिकाराचीच यंत्रणा वापरत होतं.

म्हणून लॉनवाला विचारतो, "या रोगाला बळी न पडणारं वाण द्या," तेव्हा खरं उत्तर द्यावं लागतं. तांबेऱ्यासाठी तसं वाण मिळू शकतं. ऱ्हायझोक्टोनिया आणि डॉलर स्पॉट यांना पूर्णपणे दाद न देणारं लॉनगवत नाही. त्यांच्यापुढे जो प्रतिकार असतो तो अनेक जनुकांचा, थोडा थोडा, आणि परिस्थितीवर हलणारा. थंड प्रदेशातल्या बारीक फेस्क्यू गवतात एपिक्लोई नावाची एक मित्रबुरशी पात्यांच्या पेशींमध्ये राहते आणि डॉलर स्पॉटला आवर घालते. ती सोय आपल्या बर्म्युडाला नाही.

शेवटची गोष्ट, या प्रकरणात सगळ्यात कामाची. लिग्निन, कायटिनेज, पेरॉक्साइड, हे सगळं बनवायला साखर लागते आणि साखर उन्हातून येते. शिवाय झाडाला आपण सावलीत आहोत हे प्रकाशाच्या रंगावरून कळतं. दाट पानांखाली लाल प्रकाश कमी आणि त्याच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा 'दूरचा लाल' जास्त पोचतो. प्रयोगांत असं दिसलं आहे की असा प्रकाश मिळाला की झाड उंच व्हायच्या मागे लागतं आणि जॅस्मॉनिक आम्ल या संप्रेरकावर चालणारा बचाव आवरता घेतं. मेलेल्या पेशींवर जगणाऱ्या बुरशांशी लढताना झाडाची मुख्य भिस्त याच बचावावर असते.

मग स्टेजसमोर काय बिघडलं

बर्म्युडा हे कडक उन्हाचं गवत. २७ ते ३५ अंशांत ते जोमाने वाढतं आणि ऱ्हायझोक्टोनियाने चार पाती खाल्ली तरी आठ नवी काढतं. इतर गवतांच्या मानाने त्याच्यावर हा रोग जोर धरत नाही. जिथे धरतो तिथे गवताचे हात कशाने तरी बांधलेले असतात, ते शोधायचं. इथे एक नव्हे, चार गोष्टींनी बांधले होते.

स्टेज पूर्वेला आणि मागे कडुलिंब. तिथे दहा वाजेपर्यंत ऊन पोचत नव्हतं. त्यात स्प्रिंकलर रात्री दहाच्या सुमारास चालू व्हायचे, कारण दिवसा लोकांची ये-जा. रात्री दहाला भिजलेलं पातं सकाळी दहाला वाळायचं. ऱ्हायझोक्टोनियाला पातं सलग दहा तास ओलं आणि रात्रीचं तापमान २० अंशांच्या वर एवढं मिळालं की पुरतं. सोलापुरात सप्टेंबरच्या रात्री २१-२२ अंशांच्या असतात. गेटच्या बाजूला आठ वाजताच ऊन यायचं.

सकाळी पात्याच्या टोकावर जो टपोरा थेंब दिसतो तो नुसतं दव नसतो. मुळांच्या दाबाने आतून बाहेर आलेला रस त्यात असतो, साखर आणि अमिनो आम्लं मिसळलेला. काळ्या काचेवर तो थेंब वाळू दिला तर पांढरट डाग राहतो. बुरशीच्या तंतूला पात्यात घुसण्याआधी लागणारी शिदोरी तीच. कापणी झाली की प्रत्येक टोक उघडं पडतं आणि हा रस जास्त सुटतो. इथली मशीन संध्याकाळी चालायची, म्हणजे ताज्या जखमा घेऊन गवत रात्रभर ओलं.

युरियाचा हिशोब तर मांडूनच दाखवावा लागला. गौरी-गणपतीच्या आधी स्टेजसमोर गुंठ्याला पाच किलो युरिया दिला होता. फोटो तिथे निघतात, तेव्हा तिथलं गवत जास्त हिरवं हवं, एवढाच विचार. युरियात ४६ टक्के नत्र. म्हणजे १०१ चौरस मीटरला २.३ किलो, एका चौरस मीटरला सुमारे २३ ग्रॅम. वाढीच्या दिवसांतही एका वेळी पाच ग्रॅम पुष्कळ झाले. एवढं नत्र एकदम मिळालं की पातं लुसलुशीत होतं, पेशींच्या भिंती पातळ राहतात, लिग्निनला लागणारी साखर नव्या वाढीत खर्च होते आणि पात्याच्या रसात अमिनो आम्लं वाढतात. गेटच्या बाजूला मात्र जूनपासून खताचा दाणा पडला नव्हता. डॉलर स्पॉट हा उपाशी गवताचा रोग. वाढ मंदावली की आजारी पातं बदलायला नवं पातं येत नाही. एका लॉनच्या एका टोकाला अती खाऊन आणि दुसऱ्या टोकाला न खाऊन दोन रोग झाले होते, आणि दोन्हींवर मालक तीच औषधं फवारत होते.

चौथी गोष्ट त्या औषधांचीच. सोलापूर जिल्हा डाळिंबाचा, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र. इथल्या कृषी सेवा केंद्रात जो सल्ला मिळतो तो साहजिकच डाळिंबाच्या अंगाने मिळतो. कार्यालयाच्या खोलीत तेल्या या डाळिंबाच्या जिवाणूजन्य रोगासाठीचं जिवाणूनाशक होतं, त्याचा बुरशीशी काही संबंध नाही. कार्बेन्डाझिम होतं. डॉलर स्पॉटमध्ये या गटाला दाद न देणाऱ्या बुरशीची नोंद परदेशात १९७० च्या दशकापासून आहे. शिवाय त्याच आठवड्यात ट्रायकोडर्माची आळवणी केलेली. ट्रायकोडर्मा ही चांगली बुरशी, ती ऱ्हायझोक्टोनियाला खाते आणि मुळांमार्फत झाडाचा बचावही जागा करते, पण कार्बेन्डाझिमने तीच आधी मरते. आणि दर आठवड्याला हेक्झाकोनॅझोल किंवा प्रोपिकोनॅझोल आलटून पालटून.

ही दोन्ही ट्रायाझोल गटातली. आंब्याची वाढ रोखून मोहोर आणायला वापरतात ते पॅक्लोब्युट्राझोल याच घराण्यातलं. झाडात जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक बनण्याची वाट ही औषधं कमी-अधिक अडवतात, आणि बर्म्युडा त्यांना बरंच संवेदनशील आहे. रोगाने पाती गेल्यावर नवी पाती काढणं हा या गवताचा सगळ्यात मोठा बचाव, आणि दर आठवड्याची फवारणी नेमका तोच दाबून टाकत होती. मामा म्हणत होते "चार दिस थांबतंय," त्याचं कारण हे. बुरशी थांबायची, तिच्याबरोबर गवतही थांबायचं.

अदलाबदल

मालकांना माझं बोलणं पटत होतं, पण त्यांचा एक प्रश्न उरला होता आणि तो बरोबर होता. "कडेची हरळी जातच चिवट असेल, त्यात जागेचा काय संबंध?" गावठी हरळी बियांनीही पसरते, तिच्यात एका पट्टीतही निरनिराळे वंश असू शकतात. लॉनचं गवत मात्र तुकडे लावून वाढवलेलं, सगळी रोपं एकाच रोपाची. एक बळी पडलं तर सगळी पडतील. शंका खोटी नव्हती.

म्हणून दोन्हींच्या जागा बदलून पाहिल्या. चट्ट्याच्या काठावरचे लॉनचे वीतभर तुकडे मुळांसकट काढून कडेच्या पट्टीत बसवले आणि हरळीचे तेवढेच तुकडे स्टेजसमोर कडुलिंबाच्या सावलीत. पट्टीत स्प्रिंकलरचा फवारा पोचत नाही, मशीन जात नाही, खत पडत नाही, आणि तुकडे बसवले तो कोपरा उन्हात आहे. हस्ताचा पाऊस ओसरेपर्यंत निकाल स्पष्ट होता. पट्टीतले लॉनचे तुकडे स्वच्छ, नवे फुटवे धरून वाढलेले. सावलीतली हरळी लांबट, फिकट झाली होती. दोन तुकड्यांत बुडाशी तोच तपकिरी मऊपणा आला होता. लॉनच्या गवतापेक्षा तिने जास्त दिवस तग धरला, हे खरं. वाणाचा थोडा वाटा आहेच. पण मोठा वाटा जागेचा.

काय केलं, काय झालं

पाणी पहाटे पाचला आणलं. त्या वेळी पातं दवाने आधीच ओलं असतं, त्यामुळे ओलाव्याचे तास वाढत नाहीत. रोज थोडं देण्याऐवजी आठवड्यातून दोनदा, खोलवर भिजेल असं आणि मधे वाफसा येऊ देऊन. मामा सकाळी लांब दोर दोन टोकांना धरून लॉनवरून ओढायचे, म्हणजे पात्यावरचं पाणी झडतं. साधं दिसतं, पण डॉलर स्पॉटवर या उपायाचा गुण चांगला तपासलेला आहे. कापणी सकाळी दव उतरल्यावर, ब्लेडला धार लावून. हिरव्या पात्याखाली साचलेला वाळका थर पंजाने ओरबाडून काढला.

स्टेजच्या बाजूला नत्र पूर्ण बंद, फक्त पोटॅश. गेटच्या बाजूला अमोनियम सल्फेट, चौरस मीटरला दहा ग्रॅम, म्हणजे सुमारे दोन ग्रॅम नत्र, पंधरा दिवसांनी पुन्हा तेवढंच. आपल्या चुनखडीच्या जमिनीला ते युरियापेक्षा मानवतं.

फवारणी एकच, स्टेजसमोरच्या चट्ट्यांच्या काठावर, व्हॅलिडामायसिनची. ते भाताच्या पर्णकोष करप्यावर चालतं, मुख्यतः ऱ्हायझोक्टोनियावर काम करतं आणि गवताची वाढ अडवत नाही. लेबलवर लॉन नाही हे मालकांना सांगूनच वापरलं. फवारताना दोन ठिकाणी प्लायवूडचे तुकडे गवतावर ठेवले, म्हणजे तेवढी जागा औषधाविना राहिली. कुठल्याही औषधाला श्रेय देण्याआधी असा न फवारलेला चौकोन सोडावा, असं माझं प्रत्येक लॉनवाल्याला सांगणं असतं. नाहीतर हवा पालटल्याने आलेला गुण औषधाच्या नावावर जमा होतो.

दिवाळीच्या सुमारास उघड्या जागेतले चट्टे खालच्या खोडांतून भरून आले होते. तिथला प्लायवूडखालचा चौकोन आणि आजूबाजूचं फवारलेलं गवत यांत फरक सांगता येत नव्हता. कडुलिंबाच्या सावलीतला चौकोन मात्र उठून दिसत होता. तिथे औषधाने काम केलं होतं, कारण तिथलं गवत स्वतः ते करू शकत नव्हतं. गेटकडचे ठिपके दुसऱ्या खताच्या हप्त्यानंतर नव्या पात्यांखाली बुजले, औषधाचा थेंब न पडता.

कडुलिंब तोडायला मालक तयार नव्हते आणि मीही ते सुचवलं नाही. खालच्या काही फांद्या उतरवल्या. त्याने ऊन तासभर लवकर यायला लागलं, पण खोडांच्या अगदी जवळच्या पट्ट्यात बर्म्युडा जगवायचं म्हणजे दरवर्षी औषधावर जगवायचं. तिथलं गवत काढून मालकांनी शहाबादी फरशी बसवून घेतली. पाहुण्यांच्या खुर्च्या आता तिथे लागतात आणि गवतावर कमी रेटा येतो.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीच्या थंडीने गवताची वाढ मंदावल्यावर, गेटच्या बाजूला डॉलर स्पॉटचे थोडे ठिपके पुन्हा आले. फवारलं नाही. दोर ओढणं चालू ठेवलं, आणि ऊन तापायला लागल्यावर नत्राचा छोटा हप्ता दिला. पोटॅश कमी पडलं की बर्म्युडावर बायपोलारिसचे ठिपके वाढतात हे माहीत आहे, पण आपल्या काळ्या मातीत पोटॅश मुळात बरं असतं. इथे वरून द्यायची खरंच गरज आहे का, हे बघायला गेटजवळ दोन पट्टे आखले आहेत, एक पोटॅश दिलेला आणि एक न दिलेला. ते पुढच्या उत्तरा-हस्तात ताडून बघायचे, आणि तोवर मामांनी दोन्हींना पाणी अगदी सारखं द्यायचं, असं ठरलं आहे.